उचंत खात्यातली बाई

रक्त घेण्याआधी माणसाला नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची आणि दोन्ही हातातल्या कागदाशी जुळल्याशिवाय सुई उघडायची नाही. पनवेलच्या एका लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं हे करत आले आहे. नव्या मुली कुरकुरतात, "मॅडम, आत्ताच तर काउंटरवर सांगितलं त्यांनी." मी त्यांना तिथल्या तिथे झापते. नळीवरची चिठ्ठी चुकली की एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर चढते आणि धडधाकट माणूस गोळ्या खायला लागतो. माझ्या पाठीमागे या मुली मला हवालदारीण म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापड्या.

तर अशा मला एका बँकेतल्या टायवाल्या अधिकाऱ्याने सांगितलं की मी कर्जबुडवी आहे.

हा शब्द त्याने वापरला नाही. सभ्य माणूस होता. "मॅडम, तुमचा क्रेडिट रिपोर्ट जरा निगेटिव्ह येतोय," असं म्हणाला आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आम्ही तिथे गेलो होतो मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी. तिला विमानदुरुस्तीच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. उलव्याच्या बाजूला डोंगर कापून, खाडी भरून विमानतळ उभा राहत होता तेव्हा ही पोरगी शाळेत होती. बसच्या खिडकीतून बघत बघत तिच्या डोक्यात ते जे शिरलं ते शिरलं. मैत्रिणींना हवाई सुंदरी व्हायचं होतं, हिला विमानाच्या पोटात शिरून इंजिन उघडायचं होतं. प्रवेश मिळाला, फी भरायची शेवटची तारीख ठरली, आणि कर्जाला सहकर्जदार म्हणून आईवडिलांपैकी एक लागत होतं. वडील चालणार नव्हते. उरले मी.

वडील का चालणार नव्हते, ते आम्ही राहतो त्या सगळ्या रोडपालीला माहीत आहे. नवऱ्याचा द्रोणागिरीकडे कंटेनर वाहायचा धंदा होता. दोन ट्रेलर होते तोवर आम्ही सुखात होतो. हौसेने आणखी घेतले, एका मोठ्या गिऱ्हाइकाने हात वर केले आणि सगळं गडगडलं. कोर्टाने त्याला नादार ठरवलं. वकिलाने तो शब्द आमच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला तेव्हा नवऱ्याने मान खाली घातली, ती नंतर कित्येक महिने वर आली नाही. ट्रेलर गेले, शेड गेली. पुढे कोर्टाने त्याला त्या देण्यांतून मोकळं केलं आणि तो एका गोदामात सुपरवायझर म्हणून लागला. आता बरा आहे.

राहिलं होतं ते घर. रोडपालीचा फ्लॅट, आमच्या दोघांच्या नावावरच्या गृहकर्जातला. हप्ते चालू राहिले तर घर राहील, असं बँकेने सांगितलं. नवऱ्याची खाती तेव्हा बंद होती. मग दर महिन्याला मी माझ्या पगाराच्या खात्याचा चेक लिहायचे, लॅबमधून जरा वेळ काढून शाखेत जायचे, चेक द्यायचे आणि पावतीवर शिक्का मारून घ्यायचे. ताप अंगात असताना गेले आहे, सासरे वारले त्या आठवड्यातही गेले आहे. एकही हप्ता चुकवला नाही. घरात मी याची वाच्यता करत नसे. काय करायची? नवऱ्याला आणखी खाली बघायला लावण्यात मला रस नव्हता.

आणि आता हा टायवाला सांगत होता की ते गृहकर्ज माझ्या नावावर बुडीत दिसतंय. वर नादारीचा शेराही माझ्याच नावापुढे.

"मी नादार नाही," मी म्हटलं.

"रिपोर्ट तसं म्हणतो, मॅडम."

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने आपली फाइल बंद केली आणि तिचं रबर दोनदा फिरवून बसवलं. मला त्या रबराच्या आवाजाने जेवढा राग आला तेवढा त्या रिपोर्टनेही आला नव्हता.

घरी येऊन तो रिपोर्ट मी नीट वाचला. राग बाजूला ठेवून सांगते, मी थक्क झाले. दर महिन्याला एक चौकोन आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात तुम्ही काय केलंत त्याची खूण. लग्नानंतर घेतलेला फ्रिज, जो मी कधीच भंगारात दिला, तो तिथे अजून हप्त्याहप्त्याने जिवंत होता. आपण जगतो आणि विसरतो, आणि कुठेतरी एक यंत्र आपल्याबद्दलचं सगळं जपून ठेवतं. फक्त माझंच नाही, या पनवेलमधल्या भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांचं. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर जसं गप्प व्हायला होतं, तसं काहीसं मला झालं. फरक इतकाच की या देवाकडे माझी नोंद चुकीची होती.

मी तक्रार केली. पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीने कळवलं की आम्ही आमच्या मनाने काही लिहीत नाही, बँक जे कळवते ते दाखवतो, बँकेला विचारा. शाखेत गेले तर ते म्हणाले, कर्जाची फाइल इथून हलली, बेलापूरला जा. बेलापूरला सांगितलं, दुरुस्ती कंपनीकडेच करा. मी प्रत्येक टेबलावर माझ्या शिक्क्याच्या पावत्या मांडत होते आणि प्रत्येक जण त्या बघून म्हणत होता, "पैसे तर भरलेले दिसतात." दिसतात! भरलेले आहेत म्हणून दिसतात. माझा आवाज चढला की ते लोक चहा मागवायचे. त्या दिवसांत मी इतका फुकटचा चहा प्यायले की मला चहाचा वास नको झाला. आणि तिकडे फीची तारीख जवळ येत होती.

शेवटी बेलापूरच्याच ऑफिसात एक बाई भेटली. कर्ज विभागात होती, माझ्याच वयाची, केसांना मेंदी लावलेली, बोलायला तुटक. तिने माझा खातेक्रमांक घातला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग पडदा माझ्याकडे वळवला.

"या कोण? तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"कोण?"

"या बाई. दर महिन्याला तुमच्या कर्जात पैसे भरतात. इतकी वर्षं भरतायत. कर्जदार नाहीत, जामीनदार नाहीत. मग सिस्टीमने पैसे घेतले आणि उचंत खात्यात टाकले."

उचंत खातं म्हणजे काय, ते तिने मला समजावलं. पैसे येतात, पण कोणी आणि कशासाठी दिले ते जुळत नाही, तोवर ते अधांतरी ठेवायची जागा. तिकडे कर्ज न भरल्यामुळे बुडीत लागलं होतं, आणि इकडे एका तिऱ्हाईत बाईचे पैसे महिन्यामागून महिना साचत होते. बँकेच्या नोटिसा गेल्या होत्या द्रोणागिरीच्या शेडच्या पत्त्यावर, जी शेड आता आमची नव्हती. कोणी घर जप्त करायला आलं नाही, कारण शाखेतल्या लोकांना मी दर महिन्याला समोर दिसत होते.

पडद्यावर त्या बाईचं नाव होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझं माहेरचं संपूर्ण नाव.

"ही मी आहे," मी म्हटलं.

"नाही मॅडम. तुम्ही या." तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे होतं माझं सासरचं नाव. नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. त्यातला एकही शब्द वरच्या नावाशी जुळत नव्हता.

मी खुर्चीत मागे टेकले. दोन ओळखी जुळल्याशिवाय सुई उघडायची नाही, हे मी मुलींना ओरडून सांगत आले, आणि माझ्या स्वतःच्या दोन ओळखी एकमेकींना ओळखत नव्हत्या. त्या खोलीत मला रडू यायला हवं होतं. पण मला नवलच वाटत होतं. एक बाई घर बुडवत होती आणि एक अनोळखी बाई, कसलाही संबंध नसताना, दर महिन्याला येऊन ते घर वर काढत होती. त्या दुसरीबद्दल माझ्या मनात इतका आदर दाटून आला की ती मीच आहे, हे क्षणभर माझ्याही लक्षात राहिलं नाही.

हे असं कसं झालं, ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, झालं. आमचं लग्न ठरवून झालेलं नव्हतं. मी पनवेलमधल्या कारकुनाची मुलगी, तो उरणकडच्या कोळ्यांचा. माझ्या घरच्यांनी तोंडं पाडली होती, त्याच्या घरच्यांनी मात्र पाडली नाहीत. पण सासूने एक अट घातली, नाव बदलायचं. कारण काय, तर माझ्या नावाची माझी नणंद होती. ती लग्न होऊन केव्हाच तिच्या घरी गेली होती, तिचंही नाव तिथे बदललं होतं, तरी या घरातलं ते नाव तिचंच. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत. मी धुसफुसले. तांदळातल्या त्या नावाने पुढे घरात, शेजारात, रेशनकार्डावर मुक्काम ठोकला. लॅबमध्ये, पॅनकार्डावर आणि पगाराच्या खात्यात मात्र मी माहेरचीच राहिले. ते मी भांडून राखलं, असं मी स्वतःशी अभिमानाने म्हणत असे. गृहकर्जाच्या वेळी एजंटाने नाव रेशनकार्डावरचं, नंबर पॅनकार्डावरचा, असा फॉर्म भरला आणि सही कुठे करायची तिथे फुली मारून दिली. मी केली सही. सही गिचमिड, दोन्ही नावांना चालेल अशी. पॅनच्या नंबरामुळे ते बुडीत कर्ज आणि त्याच्याबरोबर नवऱ्याचा नादारीचा शेरा माझ्या रिपोर्टात येऊन बसला, आणि चेक मात्र परक्या नावाचा ठरला.

"दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र लागेल," बेलापूरची बाई म्हणाली. "आणि दोन्ही नावांनी तुम्हाला ओळखणाऱ्या घरातल्या कोणाचं तरी. तुमच्या मिस्टरांचं चालायचं नाही, नादारीत तेच पक्षकार आहेत. आईवडील?"

"दोघंही नाहीत."

"नाव कोणी बदललं?"

"सासूने."

"मग त्यांनाच आणा."

सासूबद्दल आता सांगितलं पाहिजे. धंदा बुडाल्यावर गावचं घर दिराकडे सोपवून ती सासऱ्यांना घेऊन आमच्याकडे रोडपालीला राहायला आली. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी रिक्षाने पनवेलच्या उरण नाक्याला जाऊन मासळी विकते. घरात तिचा आणि माझा सलोखा आहे, पण तो दोन हवालदारांचा सलोखा. स्वयंपाकघर तिचं, हिशेब माझा. ताटं तीच वाढते, आणि तिथे तिचा कायदा. कोळ्याच्या घरात मधली तुकडी कमावत्या पुरुषाची, डोकं म्हाताऱ्यांचं आणि शेपटाकडचं सुनेचं. माझ्या ताटात लग्नापासून शेपटाकडचं. मी शहरातली, मला मासळीतलं कळत नाही, अशी तिची पक्की समजूत. महिन्यातून एखाद्या दिवशी मात्र ती जिताडा आणायची. खाडीचा जिताडा म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांसाठी राखून ठेवायची वस्तू. त्या दिवशी मधली तुकडी माझ्या ताटात पडायची. हप्ता भरून आलेली मी त्या संध्याकाळी करवादलेली असायची, कोणी बोललं तर फाडून खाईन अशी. मला वाटायचं, म्हातारी मला चुचकारतेय. मी ती तुकडी मुलीच्या ताटात सरकवायचे आणि सासू ती उचलून परत माझ्या ताटात ठेवायची. "तिला दुसरी हाय. ही तुजी."

तिला मी सगळा प्रकार सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी न उचलता, ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली. "चल."

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टायपिंगवाले आणि नोटरी टेबलं मांडून बसतात. आमच्या पुढे रांग होती. आम्ही बाकावर बसलो. डोक्यावरून एक विमान गेलं, बरंच खालून, चाकं बाहेर काढलेलं. मला अजून सवय झालेली नाही. जिथे पाऊल टाकलं तर गुडघाभर चिखल, तिथून एवढं लोखंड आभाळात जातं आणि तिथेच परत उतरतं. ते बघताना माझा आ वासतो आणि मी तो मिटायला विसरते. सासूही वर बघत होती.

"माजंबी असंच झालंतं," ती अचानक म्हणाली.

"काय झालं होतं, आई?"

"नावाचं." ती पदराने तोंड पुसत बोलू लागली. "माज्या बापानी मिठागराचा येक तुकडा माज्या नावावर केलता. लग्नाआदी. मंग बंदराला जमिनी गेल्या. पैसं वाटाया लागलं. मी गेली तं टेबलावरचा मानूस बोलला, हे नाव जिचं हाय तिला घेऊन ये. मी बोलली, मीच ती. त्यो बोलला, तुजं नाव तं वायलं हाय. मी बोलली, बाबा, ते लग्नात बदाललं. त्यो बोलला, त्याचा कागद आन."

"मग?"

"तांदळाचा कागद कुटं आसतो गो? किती येला गेली. मंग नाय गेली. त्या पोरीचे पैसं तितंच रायलं. कुनी खाल्लं, देव जाने."

ती 'त्या पोरीचे' म्हणाली, 'माजे' म्हणाली नाही. या बाईला लग्नाआधीही एक नाव होतं, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा तिने ते नाव सांगितलं. हळू आवाजात, आजूबाजूला बघून. सुंदर नाव होतं.

"तवाच मी ठरवलंतं," ती पुढे म्हणाली. "सून आली का नाव बदालनार, ते घराचं हाय, त्याला इलाज नाय. पन तिच्या कागदाला हात लावाचा नाय. पोराला मी लग्नाच्या दिशीच सांगितलं, तिच्या नोकरीचं, ब्यांकेचं, जे हाय ते तिच्या बापाच्या नावानी हाय, ते तसंच ठेवाचं. तांदूळ शिजून जातो. कागद नाय शिजत."

ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर मनातल्या मनात या बाईशी भांडले, ती गोष्ट माझ्यासाठी तिनेच राखून ठेवली होती. नवरा कधी माझ्या कागदपत्रांच्या मागे लागला नाही, तो त्याचा आळस, असं मी समजत होते. उरणच्या किनाऱ्यावरच्या या बाईने स्वतःचं गमावलेलं मला देऊन टाकलं होतं, आणि ते मला सांगण्याची तिला गरजही वाटली नव्हती. मी थक्क झाले म्हणते, पण तो शब्द तोकडा आहे. बाकावर तिच्या शेजारी बसायची आपली लायकी आहे का, असं मला त्या क्षणी वाटलं.

"त्या एजंटानी माती केली," ती म्हणाली. "गावला तं कोयतीनी सोलीन त्याला."

आमचा नंबर आला. नोटरी वयस्कर होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी सासूच्या नावाचा कागद खणखणीत आवाजात वाचायला घेतला. मी अमुक, वय अमुक, राहणार रोडपाली, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की वर नमूद केलेल्या दोन्ही नावांची व्यक्ती ही एकच असून...

"थांबा," सासू म्हणाली. "हे खोटं हाय."

नोटरींनी चष्मा काढला. मागच्या रांगेतला माणूस पुढे झुकला.

"येक नाय ती," सासू म्हणाली. "दोन बायांचं काम केलंय तिनी. माजा पोरगा बसला तवा बायको होऊन घर केलं, आन् पुरुष होऊन भरलं. येका बाईच्यानी हे होत नाय. मी सांगते तुमाला, मी बगलंय." मग तिने पदर सावरला. "पन तुमच्या कागदाला येकच लागत आसंल, तं लिवा येक."

नोटरींनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाले, "आजी, एकच लिहिलंय." आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

सासूला सही येत नाही. अंगठा उठवला तर तो नुसता काळा डाग. पुन्हा उठवला, पुन्हा तसाच. जन्मभर मासळी खवलून, मीठ आणि बर्फ हाताळून तिच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. नोटरी म्हणाले, असा चालायचा नाही. मग मी तिचा हात हातात घेतला. बोट कसं धरायचं ते मला कळतं, तेवढंच तर मला येतं. अंगठा पुसला, जरा चोळला, शाई अगदी पातळ लावली आणि कडेपासून कडेपर्यंत सावकाश फिरवला. रेषा आल्या. फिकट, तुटक, पण आल्या.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं, असं मुळीच नाही. बेलापूरच्या त्या तुटक बाईने कागद घेतले, पण उचंत खात्यातला एकेक हप्ता काढून आपापल्या महिन्यात बसवायचा, मग बँकेने पतमाहितीच्या कंपनीला कळवायचं, मग त्यांनी तपासायचं. फीची तारीख डोळ्यांसमोर. मुलगी रोज संध्याकाळी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. नवरा त्या दिवसांत घरात पाय वाजू न देता चालायचा. एकदा म्हणाला, "माझ्यामुळे तिचं..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "चहा सोडून काहीही दे." तो हसला. बऱ्याच काळाने हसला.

आणि तारखेच्या जरा आधी नवा रिपोर्ट आला. नादारीचा शेरा माझ्या नावापुढून गेला होता. नवऱ्याच्या नावापुढे तो राहिला. तो खरा होता आणि तो राहायलाच हवा होता. बुडीत हा शब्दही गेला होता. त्या जागी चौकोन होते, रांगेने, महिन्यामागून महिना, आणि प्रत्येकात वेळेवर भरल्याची खूण. सासरे वारले तो महिना होता. ताप आलेला महिना होता. नवऱ्याने ते चौकोन मोबाइलवर बोटाने वर सरकवत सरकवत पाहिले. ते संपता संपेनात. मग त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. या खेपेला त्याची मान खाली नव्हती.

टायवाल्याने कर्ज मंजूर केलं. फॉर्मवर सहकर्जदाराचं नाव लिहिताना मुलीने विचारलं, "आई, कुठलं?" मी म्हटलं, पॅनकार्डावरचं, आणि खाली ‘उर्फ’ लिहून दुसरंही लिही. एकीला सोडलं तर पुन्हा उचंत खात्यात जाऊन बसेल.

फी भरली त्या दिवशी सासूने जिताडा आणला. आम्ही चौघं जेवायला बसलो. मुलगी इंजिनाबद्दल काहीतरी भराभर सांगत होती, आणि मला कळत नसूनही ऐकत राहावंसं वाटत होतं. मी मजेत होते. म्हटलं, "एक काम राहिलं. त्या बाईचे आभार मानायचे राहून गेले."

"कंच्या बाईचे?" सासूने विचारलं. ती वाढत होती.

"ती हो, उचंत खात्यातली. कोण ना कोणाची, एवढी वर्षं येऊन आपलं घर सांभाळून गेली. कोणी तिला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही."

सासू वाढता वाढता थांबली. मग तिने रश्श्यातून तुकडी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली.

"तुमी नसंल मानलं," ती म्हणाली. "मी दर म्हैन्याला मानलंय. तू हप्ता भरून येवाचीस त्या दिशी मधली तुकडी कुनाला घातली मी? माज्या पोराला घातली?"